पादचारी सर्वसाधारणपणे जातो ती वाट

आमच्या आत्तेसासूबाई नसत्या, तर नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या परमिट रूममध्ये आज चहा आणि खारी मिळाली असती, हे माझं मत मी कुठेही, कोणाहीसमोर सांगायला तयार आहे. आत्तेसासूबाई म्हणजे माझ्या बायकोची, वृंदाची, सख्खी आत्या. वय सत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये तीन वस्तू कायम: लाल शाईचं पेन, गुंडाळणारी मोजपट्टी, आणि विदेशी मद्याच्या नियमांची एक जाडजूड प्रत, जिच्या पानापानावर त्यांनी सरकारच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेल्या आहेत. एका कन्याशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यातही व्याकरण. त्या निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई भजनी मंडळात जातील, नाहीतर सकाळी गोदाकाठी फिरायला. बाई गेल्या त्या थेट बारमालकांत. रेस्टॉरंटला दारूचा परवाना कसा मिळतो, कुठला फॉर्म, कुठला दाखला, कुठून कुठपर्यंतचं अंतर, कोणाची सही कोणाच्या आधी, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कोणाला कळत नाही, आणि ज्यांना थोडंफार कळतं ते त्यांच्याकडूनच शिकलेले आहेत. हे सगळं निव्वळ हौसेपोटी. निफाडकडच्या कोणी प्रेमाने द्राक्षांची पेटी आणलीच तर तेवढी घेतात, पण पेटीवर 'द्राक्षे' नीट छापलंय का ते आधी बघतात.

याची सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून झाली. त्यांचं निफाडच्या रस्त्याला जेवणाचं हॉटेल होतं आणि परमिट रूमसाठी त्यांनी केलेला अर्ज तीनदा परत आला होता. परत येताना दर वेळी सोबत एक वेगळाच कोरा फॉर्म असायचा, वैयक्तिक मद्यसेवनाच्या परवान्याचा. सासऱ्यांना वाटायचं, ऑफिसातलं कोणीतरी आपली टिंगल करतंय. शेवटी ते तणतणत बहिणीकडे आले. बाईंनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि लाल पेनाचं टोपण काढलं. विषय होता, 'दारू पिण्यासाठी परवाना मिळणेबाबत'.

"वसंता, या वाक्यात पिणार कोण?" त्यांनी विचारलं.

"अगं आक्का, मला कुठे प्यायची आहे? मला लोकांना पाजायची आहे."

"मग तसं लिही ना. पिणे आणि पाजणे यात फरक असतो. पाजणे हे प्रयोजक क्रियापद आहे. नववीला मीच घरी शिकवलं होतं तुला."

अर्थात अर्जात शेवटी 'पाजण्यासाठी' असं गेलं नाही, 'विक्रीसाठी' असं गेलं, आणि चौथ्या वेळी काम झालं. पण त्या संध्याकाळी बाईंनी अर्जासोबतचे नियम सहज म्हणून वाचायला घेतले आणि त्या जागच्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्याकडे फोन. मी दचकून उठलो, वाटलं कोणाचं काहीतरी झालं. पलीकडून बाईंचा आवाज, धाप लागल्यासारखा. "जावईबापू, तुम्हाला माहीत होतं का? आपल्याकडे दारू विकायची परवानगी ज्या कायद्याखाली मिळते, त्या कायद्याचं नाव दारूबंदी कायदा आहे. बत्तीस वर्षं मी विरोधाभास अलंकाराला चांगलं उदाहरण शोधत होते हो." मी झोपेतच 'वा' म्हटलं. त्या एका 'वा'ने मी त्यांचा कायमचा श्रोता झालो. मग 'परमिट रूम' या नावाची गंमत आली, की परमिट खोलीला नसतं, पिणाऱ्या माणसाला असावं लागतं आणि त्यावर आरोग्य राखण्यासाठी असं कारण असतं. मग ड्राय डेची यादी आली. मग बिअरला एकवीस वर्षं आणि कडक दारूला पंचवीस वर्षं वय का, याचं स्वतःचं स्पष्टीकरण आलं. मला खरं सांगायचं तर मजा यायला लागली. आयुष्यात इतक्या उत्साहाने कोणी मला काही शिकवलं नव्हतं.

हळूहळू बातमी पसरली आणि रविवारी सकाळी त्यांच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वर्ग भरायला लागला. हा वर्ग प्रत्येकाने एकदा तरी बघायला हवा होता. जाड मनगटांची, गळ्यात साखळ्या घातलेली, गावात ज्यांना बघून लोक बाजूला होतात अशी माणसं सतरंजीवर मांडी घालून बसलेली, आणि समोर खुर्चीवर बाई. बोलण्याआधी हात वर करायचा. मोबाइल चपलांपाशी ठेवायचे. पहिला धडा 'अनुज्ञप्ती' हा शब्द लिहिण्याचा. अनुज्ञप्ती म्हणजे आपला परवानाच, फक्त सरकारी कपडे घातलेला. ज्याला तो शब्द लिहिता येत नाही त्याने तो मागू नये, असं बाईंचं साधं तत्त्व. सायखेड्याचे एक मालक होते, चांगले पहिलवान गडी, त्यांना तो शब्द पंचवीस वेळा लिहायला लावल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते लिहिता लिहिता घामाघूम झाले होते आणि वही शेजाऱ्याला दिसू नये म्हणून डाव्या हाताने झाकत होते.

या सायखेडेकरांचीच दुसरी गंमत. त्यांनी बारला आपल्या कुलदैवताचं नाव दिलं होतं, पाटी रंगवून तयार होती, आणि मग कळलं, की देवाचं, महापुरुषाचं किंवा किल्ल्याचं नाव दारूच्या ठिकाणाला चालत नाही. ते रडकुंडीला येऊन बाईंकडे आले.

"बाई, लय अवघड झालं. नाव काढलं तर देव कोपंल, ठेवलं तर साहेब कोपंल. आता तुमीच सांगा, काय करू?"

बाईंनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "तुमच्याकडे माणसं कशाला येतात? एकमेकांना भेटायला, जोडली जायला. दोन शब्दांना जोडतं त्याला आपण काय म्हणतो?"

"फेव्हिकॉल?" ते चाचरत म्हणाले.

"उभयान्वयी अव्यय. अव्यय सोडा, उभयान्वयी ठेवा."

सायखेडेकर बिचारे आज्ञाधारक. त्यांनी खरोखर तशी पाटी लावली. गोदाकाठच्या त्या गावात आज 'हॉटेल उभयान्वयी' झोकात चालतं आणि गिऱ्हाइकं त्याला 'उभ्या' म्हणतात. "उभ्यावर बसलोय," असं फोनवर सांगतात. बाईंना हे कळलं तेव्हा त्या अख्खा दिवस खूष होत्या, कारण त्यांच्या मते त्या वाक्यातही विरोधाभास होता.

त्यांना घेऊन कुठे जेवायला जाणं हा मात्र एक प्रसंगच असतो. बाकीची माणसं हॉटेलात शिरली की रिकामं टेबल बघतात, बाई भिंती बघतात. परवाना दर्शनी भागात लावलाय का, मुदत मार्चअखेर संपतेय का, वयाची पाटी वाचता येते का. एकदा आमच्या नात्यातल्या लग्नाचं रिसेप्शन एका मोठ्या हॉटेलात होतं. स्टेजवर नवरानवरी, खाली फोटोसाठी रांग, आणि रांगेत बाई नाहीत. शोधलं तर त्या काउंटरपाशी खुर्चीवर चढून फ्रेममधली अनुज्ञप्ती वाचत होत्या. खाली मॅनेजर हात जोडून उभा, दोन वेटर खुर्ची धरून. नवऱ्यामुलाची आई येऊन म्हणाली, "ताई, जोडी कशी वाटली?" बाई वरूनच म्हणाल्या, "छान आहे, पण नूतनीकरण राहिलंय." त्या माउलीला ते काय कळलं कोण जाणे, पण नंतर कितीतरी दिवस ती आमच्याशी जपून बोलत होती.

त्या स्वतः घेतात का, असं मला पुष्कळजण विचारतात. मीही एकदा धीर करून विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "जावईबापू, मी व्याकरण शिकवलं, कविता केल्या नाहीत."

पण या सगळ्या नियमांत त्यांचा जीव कशात होता, तर अंतराच्या नियमात. शाळेपासून किंवा देवळापासून बार पंचाहत्तर मीटरच्या आत नको, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हे पंचाहत्तर मीटर मोजायचे कसे, इथे खरी मौज आहे. सरळ दोरी लावून नाही. तुमच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून शाळेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, पादचारी सर्वसाधारणपणे ज्या वाटेने जातो, त्या वाटेने. या वाक्यावर बाई फिदा होत्या. "सर्वसाधारणपणे हे क्रियाविशेषण आहे," त्या वर्गाला सांगत, "ते 'जातो'ला लागतं, पादचाऱ्याला नाही. पादचारी कसाही असो, जाणं सर्वसाधारण हवं." मग त्या सगळा वर्ग रस्त्यावर काढत आणि सर्वसाधारणपणे चालून दाखवायला लावत. त्या पहिलवान माणसांना आपण इतकी वर्षं चुकीचं चालत होतो की काय अशी शंका यायची. एक हरसूलचे मालक, डोंगरातला चपळ माणूस, ते फार भराभर चालतात म्हणून त्यांना तीनदा परत फिरवलं होतं.

आता आमच्याकडे वळतो. मी सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि वृंदाने आणि मी पंचवटीच्या पुढे, एका कोपऱ्यावर, रेस्टॉरंट काढलं. जागा बाईंना न विचारता घेतली, त्यांना चकित करायचं म्हणून. स्वयंपाक वृंदाचा, आणि तिच्या हाताला काय चव आहे हे मी नवरा म्हणून सांगत नाही, जेवलेली माणसं सांगतात. पण माणसं यायची, मटणाचा वास घ्यायची, "वाइन नाही का?" विचारायची आणि पाणी पिऊन उठायची. द्राक्षांच्या गावात हॉटेल काढून वाइन नाही म्हणजे काय, असं तोंडावर म्हणायची. सहा महिन्यांत आम्हाला कळून चुकलं, की बिअर-वाइनचा परवाना मिळाला तर हे दुकान चालेल, नाहीतर मला पुन्हा सातपूरला जाऊन जुन्या साहेबांपुढे उभं राहावं लागेल, आणि वृंदाला तिचा डाव कायमचा खाली ठेवावा लागेल. ती हे बोलून दाखवायची नाही. पण संध्याकाळी रिकाम्या टेबलांवरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवायची.

बाई परवान्याच्या दृष्टीने पहिल्यांदा जागा बघायला आल्या तेव्हा दारातच थबकल्या. कारण त्याच रस्त्यावर, थोडं पुढे, त्यांची ती कन्याशाळा होती. मी घाबरलो. त्यांनी लगेच पट्टी काढली, आमच्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या मोठ्या फाटकापर्यंत मोजलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ब्याण्णव मीटर. "लावा अर्ज," त्या म्हणाल्या. असा अर्ज त्यांनी केला, की त्यातलं एकेक वाक्य मला अजून पाठ आहे. नकाशा, खाद्यगृहाचा परवाना, पोलिसांचा दाखला, सगळं एका फाइलीत, पानांना आकडे, खुणेच्या चिठ्ठ्या. शेवटी वृंदाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, त्यात एक वाक्य, 'सदर शाळेस यापेक्षा जवळचे दुसरे प्रवेशद्वार नाही.' ते लिहिताना बाई किंचित थांबल्याचं मला आठवतं. "पूर्वी बोळात एक छोटं फाटक होतं," त्या म्हणाल्या. "नवी भिंत बांधली तेव्हा बुजवलं म्हणे." आणि त्या पुढे लिहू लागल्या.

तपासणीला आलेले निरीक्षक तरुण होते, लातूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, आणि ऊन मी म्हणत होतं. त्यांनी मोजलं, ब्याण्णव भरलं, लिहिलं, आणि वृंदाने पुढे केलेला ताकाचा पेला हातात घेतला. मी मनातल्या मनात नाचायला लागलो होतो. इतक्यात बाई कुठे गेल्या म्हणून बघितलं, तर त्या रस्त्याने परत न येता सवयीने शेजारच्या बोळात शिरल्या होत्या. शाळेच्या बाजूच्या भिंतीवर तिथे बोगनवेल माजली आहे, माणूसभर उंच, काटेरी. बाई तिच्यासमोर उभ्या राहून काठीने फांद्या बाजूला करत होत्या. मग त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हात आत घातले.

"वृंदे, आहे गं! बुजवलं नाही त्यांनी, आहे ते!"

आम्ही धावलो. वेलीच्या मागे, भिंतीत, खांद्याएवढ्या उंचीचं एक लोखंडी फाटक होतं. गंजलेलं, कुलूप लावलेलं, पण होतं. बाईंच्या हातावर काट्यांचे ओरखडे उठले होते आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की मीही क्षणभर हसलो. मग माझं लक्ष वृंदाकडे गेलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला नंतर समजलं, तिने नुसत्या नजरेनेच अंतर मोजलं होतं.

ते फाटक बाईंनी भांडून मागून घेतलं होतं. शाळेचं मोठं फाटक प्रार्थना सुरू झाली की बंद व्हायचं, आणि ज्या मुलींना सकाळी घरचं पाणी भरून, भाकऱ्या थापून, धाकटी भावंडं आंघोळीला घालून यावं लागायचं, त्या बाहेर रस्त्यावर ताटकळायच्या. त्यातल्या काही मग तशाच घरी परत जायच्या आणि हळूहळू शाळेतून कमी व्हायच्या. बाई वर्षभर मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या आणि बोळात हे छोटं फाटक करून घेतलं. किल्ली त्यांच्याकडे. रोज सकाळी त्या तिथे उभ्या राहायच्या. उशीर का झाला, असं कधी विचारायच्या नाहीत. प्रत्येक मुलीला आत येताना एक क्रियापद चालवून दाखवावं लागायचं, 'मी जाते, तू जातेस, ती जाते', एवढाच दंड. वृंदाने हे लहानपणापासून ऐकलेलं होतं.

निरीक्षक मागून आले. त्यांनी फाटक बघितलं, हातातला कागद बघितला आणि घाम पुसला. माणूस चांगला होता. "मॅडम, हे काय वापरात नाही," ते म्हणाले. "कुलूप बघा की. या वाटेनं पादचारी जात नाही आता. मी ब्याण्णव लिहिलंय, राहू द्या."

"नियमात 'वापरात' हा शब्द कुठे आहे, दाखवा."

"नाही, पण जाणारा कोण आहे इथून?"

"पादचारी हा शब्द पुरुषालाच लागतो असं नाही," बाई म्हणाल्या. "मुलींनाही लागतो. या वाटेने पादचारी वर्षानुवर्षं गेल्या आहेत. मोजा."

त्यांनी मोजलं. अडुसष्ट मीटर. निरीक्षक माझ्याकडे बघेनात, मी वृंदाकडे बघेना. वृंदा बाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? ते बंद आहे."

"बंद आहे. नाही, असं नाही. आणि 'नाही' या शब्दाखाली तू सही केलीस, माझ्या सांगण्यावरून."

"मग आमचं काय?"

बाईंनी टाकलेली काठी उचलली आणि मोजपट्टी गुंडाळायला घेतली. 

वृंदा चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. फोन यायचा, ती तो वाजू द्यायची. मी सातपूरच्या साहेबांचा नंबर मोबाइलमध्ये शोधून ठेवला, सांगायलाही लाज वाटते. पाचव्या दिवशी सकाळी शटर उघडतो तर बाई दारात. हातात आलेखाचा कागद, डोळे तांबारलेले, साडीला चक्क इस्त्री नाही. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. "अंतर कुठून मोजतात?" त्यांनी मला विचारलं. मी वर्गातल्यासारखा उभा राहिलो. "आपल्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून." "बरोबर. फाटक हलवता येत नाही. प्रवेशद्वार हलतं." आणि त्यांनी कागद पसरला. पुढचं दार कायमचं बंद करायचं, तिथे काच. नवं दार मागच्या गल्लीत, स्वयंपाकघराच्या बाजूला. तिथून निघालेल्या पादचाऱ्याला सर्वसाधारणपणे सगळ्या इमारतीला वळसा घालून बोळात यावं लागतं. त्यांनी त्या चार दिवसांत एकटीने, काठी टेकत, ते सहा वेळा मोजलं होतं. एकोणऐंशी मीटर.

वृंदा आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने कागद बघितला, मग बाईंच्या हातावरचे ओरखडे बघितले. "हळद लावली होतीस का?" एवढंच म्हणाली. आणि आमचं घर पुन्हा बोलायला लागलं.

काम केलं बशीरभाई मिस्त्रींनी. ते बराच वेळ नकाशा उलटसुलट करून बघत होते. "भाभी, पस्तीस साल झाले मला ह्या लाईनीत," ते म्हणाले, "पण रस्त्याला पाठ करून हॉटेल उभं करायचा आर्डर पहिल्यांदाच भेटला. बाईंना विचारा, दरवाजा फिरवायचा का दुकान? दुकान फिरवणं सोपं पडंल." पण त्यांनी दार असं सुरेख बसवलं, की ते तिथे पहिल्यापासूनच असावं. नवा अर्ज गेला, तपासणीला तेच निरीक्षक आले, या वेळी त्यांनी स्वतःहून आधी बोळातलं फाटक गाठलं. आणि एके दिवशी परवाना आला. अहो, मी तो कागद घेऊन गल्लीतून पळत आलो, या वयात, चप्पल एकाच पायात. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला, वाचता वाचता त्यांचा हात शबनमकडे गेला आणि वृंदाने तो वरच्या वर धरला. सरकारी कागदावर लाल पेन चालवलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि खरी गंमत पुढेच झाली. लोक पुढे यायचे, काचेवर टकटक करायचे, मग वळसा घालून मागे यायचे, आणि येताना त्यांना वृंदाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून यावं लागायचं. फोडणीचा वास नाकात घेऊनच माणूस टेबलावर बसायचा. आता पाणी पिऊन कोण उठतो? निफाडची वाइन आणि वृंदाचं मटण, शनिवार-रविवारी बसायला जागा नसते. आमचं दार मागे आहे हीच आमची ओळख झाली.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. यंदाच्या जूनमध्ये ती कन्याशाळा बंद झाली. पट कमी होत गेला होता, उरलेल्या मुली दुसऱ्या शाळेत पाठवल्या. एका सकाळी पाटी उतरवताना मी बघितली. खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की आता आपलं दार पुढे घेता येईल. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, आणि आल्यावर मला माझी शरम वाटली.

चारेक दिवसांनी दुपारी बाई आल्या. हल्ली त्या हळू चालतात, थांबत थांबत. नेहमीच्या टेबलावर बसल्या, शबनममधून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "पुढच्या दाराचा अर्ज आहे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे आता हरकत नाही. पुढे दार आलं की धंदा वाढेल तुमचा." अक्षर तेच, मोत्यासारखं, समासही तसाच आखलेला. मी वाचू लागलो. विषय, संदर्भ, महोदय, सगळं होतं. मग दुसऱ्या परिच्छेदात, 'सदर मार्गावरील कन्याशाळा' एवढं लिहून पुढे जागा सोडलेली होती. पूर्णविराम दिलेला, पण मध्ये काही नाही. आणि त्याखाली, 'सबब प्रवेशद्वार पूर्ववत पुढील बाजूस घेण्यास परवानगी मिळावी.'

"बाई, इथे क्रियापद राहिलंय," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तीन दिवस बसले होते. ते तुम्ही घाला."

 मला त्यांची इतकी माया आली, की मी उगाच टेबलावरचा मिठाचा डबा सरळ केला. वृंदा हात पुसत बाहेर आली, माझ्या खांद्यावरून तिने कागद वाचला आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आत्या, राहू दे. लोकांना मागूनच यायला आवडतं." बाईंनी मान हलवली. मग दोघींनी चहा घेतला, आणि मी बाईंना रिक्षात बसवून आलो.

तो अर्ज आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. अधूनमधून काही शोधताना हाताला लागतो. ती जागा अजून रिकामीच आहे, वृंदाने भरली नाही, मीही भरली नाही, आणि आमचं दार मागेच आहे.